सक्करदऱ्याचं सोनतीर्थ

द्रोणातल्या पांढऱ्या पेजेवर बाबाने एक थेंब टाकला आणि पेज काजळासारखी काळी झाली. चंपतरावांच्या आंगणात दाटलेली माणसं द्रोणातून नाग निघाल्यासारखी मागे सरली. पण क्षणभरच. मग तीच माणसं दुप्पट जोराने पुढे आली.

"चेटकीण! सापडली चेटकीण!"

कुंपणावर चढून बसलेल्यांनी खाली उड्या टाकल्या. बायांनी आपापली लेकरं पदराआड घेतली. गर्दीच्या मधोमध बसलेली रुख्मिणी त्या काळ्या द्रोणाकडे नुसती पाहत राहिली. तिचे ओठ वाळून पांढरे पडले होते.

"मी काई केलं नाई जी," ती पुटपुटली. "पोरगी दारात आली, म्हने संत्रं दे. मी देल्लं. आनखी काय केलं मी?"

"काय केलं ते तीर्थाने सांगितलं!" बाबाने बाटली उंच धरली. तोवर त्याच्या चेल्याने काळा द्रोण उचलून समोरच्या धुनीत उपडा केलाही होता. राख फसफसली, धूर उठला. लोकांनी हात जोडले.

ही गोष्ट सक्करदऱ्याच्या तळ्याकडे उतरणाऱ्या एका गल्लीतली, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली. चंपतरावांचं इतवारीत कापडाचं दुकान होतं. त्यांची एकुलती एक मुलगी शामला परवापासून तापाने फणफणली होती. आधी तिला गिळता येईना, मग आवाज बसला, आणि आज सकाळपासून तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शीळ वाजू लागली. सदरमधल्या डॉक्टरांनी सकाळी येऊन चमच्याने जीभ दाबून तिचा घसा पाहिला. आत राखाडी पडदा धरला होता.

"घटसर्प आहे," डॉक्टर म्हणाले. "आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या. सीरम टोचलं तर पोर वाचेल. उद्यावर टाकलंत, तर मग मला विचारू नका."

चंपतराव टांगा आणायला निघालेही होते. पण त्यांच्या आई यमुताई उंबऱ्यात आडव्या बसल्या. तेरवापर्यंत हुंदडणारी पोरगी एकाएकी गळा आवळल्यासारखी तडफडते, ती काय उगाच? कुणीतरी गळा धरला आहे, आणि आधी तो हात सोडवला पाहिजे. काटोलकडून येऊन गल्लीच्या टोकाला राहिलेली, डोक्यावर टोपली घेऊन सदरमध्ये संत्री विकणारी रुख्मिणी. नवरा नाही, मूलबाळ नाही, माहेरचं कुणी येत नाही. आजारी पडायच्या आदल्या दिवशी शामलाने तिच्याच हातचं संत्रं खाल्लं होतं. कुणाचं नाव घ्यायचं हे गल्लीने केव्हाच ठरवलं होतं. फक्त ते देवाच्या तोंडून वदवायला कुणीतरी हवं होतं.

तो कुणीतरी तळ्याकाठी मुक्काम ठोकून होताच. त्याचं नाव दर्भनाथ महाराज. कमरेला काळं वस्त्र, गळ्यात रुद्राक्षांच्या माळा, आणि बोलण्यात अर्धी हिंदी, अर्धी मराठी. त्याच्याकडे सोनतीर्थ नावाचं पिवळसर तांबूस पाणी होतं. त्यात नर्मदेचं जल होतं, काश्मीरचं केशर होतं, कुठल्याशा गुहेत ठिबकणारा सोन्याचा रस होता. दर वेळी सांगताना बाबा एखादी वस्तू वाढवीत असे. संशयिताने भाताची पेज तोंडात घ्यायची, बाबाने मंत्र म्हणायचा, मग पेज द्रोणात थुंकायची आणि तिच्यावर तीर्थाचा थेंब पडायचा. निष्पाप माणसाची पेज सोन्यासारखी पिवळी राहणार, पाप्याची काळी होणार. आज गल्लीतल्या चौघांनी रुख्मिणीच्या आधी परीक्षा दिली होती. चौघांचे द्रोण पिवळे निघाले होते.

समोरच्या घरातली अरुंधती सायन्स कॉलेजातून परतली तेव्हा हा काळा द्रोण नुकताच धुनीत गेला होता. बी.एस्सी.च्या वर्गात ती एकटीच मुलगी. वडील विश्वनाथपंत सचिवालयात हेडक्लार्क. छातीशी पुस्तकं धरून ती गर्दीत घुसली ती शामलाची चौकशी करायला. शामला तिची लाडकी. रोज संध्याकाळी ही पोर तिच्या ओसरीवर येऊन तिच्या पुस्तकांतली चित्रं पाहत बसायची.

"शामला कुठंय? दवाखान्यात नेलं ना?" तिने पुढच्या बाईला विचारलं.

"कशाची नेते! बाबा म्हनते, करणी अंगात असतानी सुई टोचली तं करणी सुईच्या वाटेनं काळजात उतरते. आता हे बाई करणी वापस घेईन, मंगच पोरीले हालवायचं."

"आणि नाही घेतली तर?"

"घेईन ना. तळ्यावर नेऊन केस भादरले, की घेते."

तेवढ्यात घरातून तो आवाज आला. चिमण्या गळ्यातून ओढून ओढून आत घेतलेला श्वास. अरुंधतीने आवाजाच्या दिशेने पाहिलं. बाबाच्या डाव्या हाताशी तिचे वडील मान खाली घालून उभे होते. गल्लीतल्या प्रतिष्ठितांना साक्षीला बोलावलं होतं आणि त्यांना नाही म्हणवलं नव्हतं.

दोघा बाप्यांनी रुख्मिणीचे दंड धरून तिला उभं केलं. तिसऱ्याने तिच्या केसांना हात घातला. त्या ओढाताणीत द्रोणातून जमिनीवर सांडलेला एक ठिपका अरुंधतीला दिसला. काळा, पण कडेला गर्द निळा. आणि धूप-कापराच्या वासाखाली दुसराच एक वास होता. जखमेवर लावायच्या औषधाचा, दवाखान्याचा.

तो रंग तिने गेल्या आठवड्यातच पाहिला होता, प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या फरशीवर.

"थांबा!" ती ओरडली. "सोडा तिला! ते तीर्थ नाही, आयोडीन आहे. टिंक्चर आयोडीन, पाणी घातलेलं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. विश्वनाथपंतांचा चेहरा पडला. "अरुंधती, घरी जा," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही," ती वडिलांना म्हणाली. "ऐका माझं. भातात पिष्ट असतं. पिष्टावर आयोडीन पडलं की ते निळंकाळं होतं. कुणाच्याही पेजेवर टाका, काळंच होणार. यात पाप नाही आणि पुण्य नाही."

दर्भनाथ रागावला नाही. तो हसला, आणि त्या हसण्यानेच अरुंधतीला पहिल्यांदा भीती वाटली.

"किसी की भी पेज पर?" त्याने गोड आवाजात विचारलं. "मग या चौघांची काळी काहून नाही झाली, बेटी? सब के सामने हुआ है." तो लोकांकडे वळला. "बेटी कॉलेजवाली है. तिले पाहू द्या. आओ बेटी, तूच घे पेज. कॉलेज की बात सच, तो द्रोण काला. मेरी मैया की बात सच, तो द्रोण सोना."

आता माघार घ्यायला जागा नव्हती. अरुंधतीने पुस्तकं खाली ठेवली. चेल्याने कोमट, पातळ, फडक्यातून गाळलेली पेज पळीने तिच्या तोंडात घातली. बाबाने डोळे मिटून मंत्र सुरू केला. मंत्र लांबला. ओंकार झाला, नवनाथ झाले, बारा ज्योतिर्लिंगं झाली. तोंडात पेज धरून तिचे गाल दुखू लागले. अखेर बाबाने हात वर केला आणि तिने पेज द्रोणात टाकली.

थेंब पडला. पेज पिवळीच राहिली. लख्ख, सोन्यासारखी.

मग एकच जयजयकार उसळला.

"देखा?" बाबा म्हणाला. "बेटी शुद्ध आहे. ज्यादा पढ़ गई है, बस. मैया माफ करते." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "पंत, पोरीचं लगीन पाहा आता!"

विश्वनाथपंत तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिचा दंड धरला. "चल. शोभा झाली तेवढी पुरे."

अरुंधतीला काही सुचेना. आयोडीन तेच, पेज तीच. मग काळी का झाली नाही? तिचंच ज्ञान तिच्या तोंडावर फेकलं गेलं होतं, आणि त्याने रुख्मिणीचा फास आणखी आवळला होता. आता खुद्द कॉलेजच्या मुलीने तीर्थाची साक्ष दिली होती. त्या बाप्यांनी रुख्मिणीला दाराकडे ओढायला सुरुवात केली. ती आता रडतसुद्धा नव्हती. घरातली शीळ मात्र थांबत नव्हती.

वडील ओढत होते. अरुंधतीने आवंढा गिळला, आणि तिला जिभेच्या मागे एक चव जाणवली. अगदी पुसट गोडी.

पेजेत कुणी साखर घातली नव्हती. तोंडात घेतली तेव्हा ती अळणी होती.

तिला प्रयोगशाळेतली परीक्षानळी आठवली. नळीत पिष्टाचं पाणी, त्यात आपलीच थोडी लाळ, आणि नळी कोमट पाण्यात उभी. थोड्या थोड्या वेळाने त्यातला थेंब पांढऱ्या फरशीवर काढायचा आणि त्याला आयोडीन लावायचं. पहिला थेंब गर्द निळा. पुढचा जांभळा, त्याच्या पुढचा तांबूस. आणि मग एक थेंब असा येतो, की त्याला रंगच चढत नाही. नळीत पिष्ट उरलेलंच नसतं. लाळेने त्याची साखर करून टाकलेली असते.

आणि बाबाचा मंत्र सगळ्यांसाठी सारखाच लांब होता का?

तिने दंड हिसकून घेतला. "काकू," तिने मघाच्याच बाईला विचारलं, "रुख्मिणीसाठी बाबांनी मंत्र केवढा म्हटला?"

"कायचा मंतर! तिनं पेज तोंडात घेतली नाई घेतली, तं बाबा गरजले, थूक म्हनून. म्हने, पापिणीच्या तोंडात मैयाचा प्रसाद ठेवाचा नाई."

"चंपतकाका!" अरुंधतीने हाक मारली. शामलाचे वडील ओट्याच्या खांबाला टेकून उभे होते. रात्रभर जागल्याने डोळे लाल झाले होते. आई आणि डॉक्टर यांच्यामधे सापडलेला हा माणूस सकाळपासून कुणाचंच ऐकेनासा झाला होता. "काका, तुमच्या हातानं एकच गोष्ट करा. मी हात लावत नाही. हंड्यातली पेज घ्या, कुणाच्याही तोंडात न गेलेली, आणि तिच्यावर तीर्थाचा थेंब टाका."

"खबरदार!" पहिल्यांदाच दर्भनाथचा आवाज चढला. "मैया की परीक्षा कोई नहीं ले सकता!"

चंपतराव हलले नाहीत. त्यांनी बाबाकडे पाहिलं, मग घराच्या अंधाऱ्या दाराकडे पाहिलं. आतली शीळ मधेच तुटली. मग एक घोगरा खोकला आला आणि शीळ पुन्हा सुरू झाली.

चंपतराव तीरासारखे पुढे आले. त्यांनी चेल्याच्या हातून बाटली घेतली, पळीभर पेज रिकाम्या द्रोणात ओतली आणि बाटली वाकडी केली.

पेज काळी कुळकुळीत झाली.

"या पेजेनं कुणावर करणी केली, काका?" अरुंधतीने विचारलं. तिचा आवाज कापत होता. "हिला तर कुणी तोंडसुद्धा लावलं नाही."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. पण दर्भनाथ मुरलेला होता. "सावली!" तो कडाडला. "उस औरत की सावली हंडे पे पडली! सगळी पेज बाटली आता! हटाव इसको यहाँ से!" आणि लोक, ज्यांना क्षणापूर्वी शंका आली होती तेच लोक, हायसं वाटल्यासारखे मान हलवू लागले. रुख्मिणीच्या केसांवरची मूठ पुन्हा आवळली.

"बरं, सगळी पेज बाटली," अरुंधती घाईघाईने म्हणाली. "मग आता ही पेज कुणीही तोंडात घेतली तरी काळी झाली पाहिजे ना? महाराज, तुम्हीच घ्या. तोंडात घ्या आणि लगेच थुंका."

"मेरा मौन का समय हुआ है," असं म्हणून दर्भनाथने मांडी घातली आणि डोळे मिटले.

"मी घेतो."

हा आवाज यमुताईंचा होता. सकाळपासून उंबऱ्यात बसलेली म्हातारी उठून उभी राहिली होती. गल्लीत तिचा शब्द चालायचा. तिच्यासाठी लोकांनी वाट केली.

"यमुताई, तुमी काहून?" कुणीतरी म्हणालं.

"माह्या नातीचा जीव चालला. मले पाहू द्या." ती अरुंधतीपुढे येऊन थांबली. डोळ्यांत संताप होता. "काय वं पोरी, तू म्हनतं का हे सारं खोटं हाय. खोटं कराचं असंन तं माह्या तोंडानं कर. मी त्या लेकराले अंगाखांद्यावर वाढोलं. माही पेज काळी होईन काय?"

"होईल, आजी," अरुंधती हळू म्हणाली. "तोंडात घेऊन लगेच थुंकलात तर होईल. आणि त्यात तुमचा काही दोष नसेल."

यमुताईंनी पळी स्वतःच्या हाताने तोंडाला लावली आणि लगेच द्रोणात गुळणी टाकली. थेंब चंपतरावांनी टाकला.

पेज काळी झाली. रुख्मिणीच्या पेजेइतकीच काळी.

नातीच्या उशाशी रात्रभर बसून राहिलेल्या बाईला चेटकीण म्हणायची छाती कुणाची होणार? म्हातारीने द्रोण डोळ्यांजवळ नेला, नीट पाहिला आणि ओट्यावर ठेवला. तिचा चेहरा एकाएकी फार थकलेला दिसला.

"चंपत," ती म्हणाली, "पोरीले उचल."

"माय..."

"उचल म्हन्तो ना! डाक्टरनं सकाळी सांगतलं होतं. म्याच अडोलं तुले. पाहून काय राह्यला?"

चंपतराव आत धावले. घोंगडीत गुंडाळलेली शामला घेऊन बाहेर आले तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते आणि मान मागे टाकून ती हवा ओढत होती. चेला आडवा आला. "महाराज की आज्ञा के बिना..." असं काहीतरी तो म्हणत होता. त्याला बाजूला ढकललं ते विश्वनाथपंतांनी. आयुष्यात कुणाला धक्का न मारलेला हा माणूस, टोपी पडली तरी न थांबता, टांग्यासाठी हाका मारत गल्लीच्या तोंडाकडे पळत सुटला. टांगा आला. चंपतराव आणि पंत शामलाला घेऊन त्यात चढले आणि घोड्याच्या टापा दूर गेल्या.

अरुंधतीलाही जायचं होतं. एक पाय तिने दाराबाहेर टाकलासुद्धा. मग तिने मागे पाहिलं. रुख्मिणीचे दंड अजून त्या दोघांच्या हातात होते. पोर दवाखान्यात गेली होती, पण चेटकीण आंगणातच होती.

ती परत फिरली.

"आता हिला सोडा," ती म्हणाली.

"यमुताईची गोष्ट येगळी," एक जण गुरगुरला. "हंडा बाटला म्हनून तिची काळी झाली. पन हिची तं पहिलेच झाली होती, का नाई?"

"मग हिची पिवळी करून दाखवते. याच बाटलेल्या हंड्यातल्या पेजेनं. मग तर सोडाल?"

दर्भनाथने एक डोळा किंचित उघडला.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. यमुताईंनी मान हलवली आणि दंड सुटले. अरुंधती रुख्मिणीसमोर मातीत बसली. पळी तिच्या ओठांशी नेताना अरुंधती थबकली. बाईचं तोंड पार कोरडं पडलं होतं, जीभ टाळ्याला चिकटलेली. लाळच नसेल तर पिष्टाची साखर व्हायची कशी? आणि हा द्रोण काळा निघाला, तर पुन्हा बोलायला तोंड उरणार नव्हतं. ना रुख्मिणीला, ना तिला स्वतःला.

"रुख्मिणीबाई, माझ्याकडे पाहा. इथं कुणी नाही असं समजा. आधी दोन घोट पाणी प्या. हां. आता डोळे मिटा. कच्ची चिंच आठवा. मीठ लावलेली, दात आंबवणारी."

"मले काई आठवत नाई वं बाई."

"आठवेल. लहानपणी झाडावरून पाडलेली. बोटभर, हिरवी. दाताखाली कचकन तुटलेली."

रुख्मिणीच्या मिटलेल्या डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या. गालाचा स्नायू हलला. घशाने एक आवंढा गिळला. अरुंधतीने तेवढ्यात पळी तोंडाला लावली.

"गिळू नका. तोंडातल्या तोंडात घोळवा."

मंत्र नव्हता, शंख नव्हता. नुसती माणसं उभी होती आणि धुनीतलं लाकूड तडतडत होतं. अरुंधती मनात प्रयोगशाळेतले थेंब मोजू लागली. आता निळा असेल. आता जांभळा. थोडं थांबू या. आणखी थोडं. रुख्मिणीच्या कपाळावरून घाम ओघळला, पण तिने तोंड उघडलं नाही. "झालं का?" मागून कुणीतरी अधीर होऊन विचारलं. अरुंधतीने हात वर केला. अजून नाही. लाळ थोडी आहे, तिला वेळ दिला पाहिजे.

शेवटी ती म्हणाली, "टाका."

या वेळी बाटली यमुताईंनी उचलली. थेंब पेजेत पडला, पसरला. क्षणभर त्याला तांबूस झाक आली. मग तीही विरली. पेज पिवळी राहिली.

रुख्मिणीने डोळे उघडले, द्रोणात पाहिलं, आणि सकाळपासून दाबून ठेवलेला हुंदका तिच्या तोंडून एकदम फुटला.

"हे पाहा!" ओट्याजवळून एक बाई ओरडली. "यमुताईचा द्रोण पाहा वं!"

सगळे तिकडे वळले. मघाशी काजळासारखा झालेला यमुताईंचा द्रोण आता मळकट तपकिरी दिसत होता आणि पाहता पाहता आणखी फिका पडत होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता.

"म्हणूनच हे काळा द्रोण लगेच धुनीत टाकतात," अरुंधती उभी राहत म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता. "आजींची लाळ द्रोणातसुद्धा काम करते आहे. थोडा वेळ ठेवला तर पापी माणसाचा द्रोणही आपोआप पुण्यवान होतो, आणि ते तुम्हाला दिसायला नको. साखरेचे कण एकापुढे एक ओवलेली लांबच लांब माळ, म्हणजे पिष्ट. आयोडीन त्या माळेत अडकतं आणि काळा रंग येतो. आपल्या लाळेत एक पाचक द्रव्य असतं, ते ती माळ तोडतं. माळ तुटली की रंग नाही. भाकरी पुष्कळ वेळ चावली की गोड लागते ना? तेच हे. ज्याला सोडायचं त्याच्यासाठी बाबा बारा ज्योतिर्लिंगं म्हणतात. ज्याला धरायचं त्याला लगेच थुंकायला लावतात. शिवाय भीतीनं तोंड कोरडं पडतं. म्हणजे जो जास्त घाबरला, तोच गुन्हेगार ठरतो. आणि धरायचं कुणाला, हे तुम्हीच त्यांना आधी सांगून ठेवता."

शेवटच्या वाक्यावर कित्येकांनी माना खाली घातल्या.

यमुताईंनी बाटलीचं तोंड नाकाशी नेलं. "हे तं चंपतच्या पायाले लागलं होतं तवा दवाखान्यात लावलं होतं तेच," त्या म्हणाल्या आणि मौनात बसलेल्या बाबाकडे वळल्या. "काहून गा महाराज? माही नात मरत होती आन् तू मले बसवून ठेवलं?"

दर्भनाथचं मौन सुटलं. मैयाचा कोप होईल, गल्लीवर पटकी येईल, असं बरंच काही तो बोलला. बोलता बोलता उठला, उठता उठता चालू लागला, आणि तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्याची चाल चांगलीच वाढली. चेला हंडा तिथेच टाकून त्याच्यामागे गेला. कुणी दगड उचलले, तेव्हा अरुंधतीनेच त्यांना अडवलं. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी फक्त राख होती. तो पुढे कामठीकडे गेला असं लोक म्हणायचे. तिथेही त्याला पेज मिळाली असेल आणि लोकही मिळाले असतील.

शामलाला त्याच संध्याकाळी सीरम टोचलं. पुढची रात्र आणि त्यानंतरचा दिवस कुणालाच काही सांगता येत नव्हतं. मग पडदा सुटू लागला. ती घरी आली तेव्हा तिचा आवाज घोगरा होता आणि पाणी प्यायली की नाकातून यायचं. ते थांबायला हिवाळा सरला. आणखी थोडा उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी चंपतरावांना स्पष्ट सांगितलं, आणि चंपतरावांनी ते गल्लीत कुणापासूनही लपवलं नाही.

रुख्मिणीचं मात्र सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. काही घरांनी तिच्याकडची संत्री घेणं सोडलं ते सोडलंच. डोळ्यांदेखत पिवळी झालेली पेजसुद्धा त्यांच्या मनातला काळा ठिपका पुसू शकली नाही. यमुताई मात्र मुद्दाम तिच्या दारात जाऊन बसायच्या, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशा.

एकदा अरुंधती तिथून जात असताना त्यांनी तिला थांबवलं. "पोरी, तुले पहिल्यांदा हारोलं त्यानं. समद्यांच्या म्होरं. मंग तुले कसं उमजलं?"

"उमजलं नव्हतं आजी. मी म्हटलं होतं, कुणाचीही पेज काळीच होणार. ते चुकलं. चुकलं तेव्हा लक्षात आलं, की आपण अर्धंच पाहिलंय. मग उरलेलं शोधलं."

"अन् त्यानं नाई शोधलं?"

"त्यांना शोधायचंच नव्हतं. काळी झाली तरी त्यांचं खरं, पिवळी झाली तरी त्यांचंच खरं, आणि हंडाच काळा निघाला तर सावली. जे कशानंच खोटं ठरत नाही, असं काही कुणी सांगू लागला की समजावं, तो आपल्याला फसवतोय."

वाचकहो, आयोडीन प्रत्येक दवाखान्यात असतं आणि पेज प्रत्येक घरात असते. उद्याचा बाबा कदाचित दुसरं काही घेऊन येईल, आणि त्यातलं रसायन तुम्हाला ठाऊक नसेल. नसू द्या. ते ठाऊक नसतानाही एक प्रश्न कुणालाही विचारता येतो: जे या माणसावर करून दाखवलंत, तेच अगदी तसंच दुसऱ्या कुणावर करून दाखवता का? खऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही. हा प्रश्न त्या आंगणात पहिल्याच द्रोणाला कुणी विचारला असता, तर एका बाईच्या केसांना हात लागला नसता आणि एका लेकराचा श्वास दिवसभर उंबऱ्याआड अडकून पडला नसता. तो विचारायला कॉलेजात जावं लागत नाही. गर्दीत उभं राहून तोंड उघडावं लागतं, एवढंच.